चार सेंटिमीटर आखूड

देवाने माणूस शिवला तेव्हा रक्ताच्या नळ्यांना आतून इलॅस्टिक लावलं. काळीज धडकलं की नळी जराशी फुगते, धक्का स्वतःच्या अंगावर घेते आणि पुन्हा जागेवर येते. दिवसातून लाखभर वेळा हे चालतं आणि कुणी शाबासकी देत नाही. शिंपीणबाईंना ही गोष्ट एकदाच सांगावी लागली. त्यांच्या दुकानात रोज कुणी ना कुणी इलॅस्टिक मेलेला पायजमा घेऊन येतच असे.

बाईंना संधिवात होता. नऊ वर्षं त्यांची समजूत अशी, की ही बोटांची आणि मनगटांची कटकट आहे आणि ती तिथेच राहील. अंगातले राखणदार घरच्याच माणसांना चोर समजून बडवतात, म्हणून सांधे सुजतात, इथपर्यंत त्यांना ठाऊक होतं. पण ही मारामारी सांध्यांपुरती थांबत नाही. वर्षानुवर्षं आत धुमसत राहिली की रक्ताच्या नळ्यांचंही इलॅस्टिक जातं. मग नाडीची लाट ताठर नळीतून सुसाट धावते आणि तिचा दणका काळजाला आणि मेंदूला बसतो.

हे त्यांना सांगितलं धमनीसाहेबांनी, आणि खरं तेच सांगितलं. साहेबांचं ज्ञान अस्सल होतं, त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये. फक्त ते ज्ञान साहेबांच्या घरी राहायला आल्यापासून जरा अंगाने सुटलं होतं.

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर साहेबांचा विभाग. तिथे एक पलंग, एक यंत्र आणि एक मोजणीताई. रुग्णाने पलंगावर आडवं व्हायचं. ताई पेनासारखी एक कांडी आधी गळ्यावर धरत, मग जांघेत. नाडीची लाट गळ्याशी कधी पोचली आणि जांघेशी कधी, यातला वेळ यंत्र मोजायचं. गळ्यापासून जांघेपर्यंतचं अंतर मात्र यंत्राला कळत नसे. ते ताई टेपने मोजत आणि यंत्रात भरत. अंतराला वेळेने भागलं की लाटेचा वेग. सेकंदाला दहा मीटरच्या आत असला तर ठीक, वर गेला तर नळी ताठर.

पहिल्या वर्षी बाईंचा आकडा आला दहा पूर्णांक दोन. यंत्राने शेजारी एक ओळही छापून दिली: धमनीचं वय एकसष्ट. बाई चव्वेचाळीस वर्षांच्या.

दुकानात काजं करणारी त्यांची नणंद पन्नाशीची. तिने तो कागद वाचला आणि म्हणाली, "म्हणजे वहिनी, तू आता माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आजपासून मीच तुझ्या पाया पडायला हवं."

"पडा की वन्सं. खाली वाकलाच आहात तर ती सुईही शोधा, केव्हाची हरवलीय."

हसून झालं, पण तो कागद बाईंनी रात्री पुन्हा वाचला. मग दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन सुरू झालं, दाह शमवणारं. चौथ्या इंजेक्शनानंतर एका सकाळी बाईंनी चहाचा कप एका हाताने उचलला आणि तो कप तसाच हातात धरून दोन मिनिटं उभ्या राहिल्या. देवाचे आभार मानायला त्यांना दुसरी जागा सापडली नाही.

इथेच गोष्ट संपायची. पण साहेबांना त्या इंजेक्शनाचा एक दोष खुपत होता. ते दुसऱ्या कुणीतरी शोधलेलं होतं.

म्हणून साहेबांनी स्वतःचा एक उपक्रम काढला: मृदू धमनी साधना. सकाळी वीस मिनिटं हनुवटी वर करून, डोळे मिटून, साहेबांच्या ध्वनिमुद्रित आवाजाबरोबर 'मी मऊ होत आहे' असं गुणगुणायचं. भजन म्हणावं तर त्यात देवाचं नाव नव्हतं. मधूनमधून साहेबांचं होतं. चाळीस रुग्ण गुणगुणू लागले. सहा महिन्यांनी मोजलं तर आकडे उतरलेले. साहेबांनी इंजेक्शन महिन्यावर नेलं. आणखी तीन महिन्यांनी मोजलं, आकडे आणखी उतरलेले. इंजेक्शन दोन महिन्यांवर गेलं.

आकडे उतरत होते आणि बाईंची बोटं सुजत होती. सकाळी साडेदहापर्यंत मूठ वळत नव्हती. कात्री डाव्या हाताच्या आधाराने चालवावी लागे. त्यांनी साहेबांना हे सांगितलं.

साहेब प्रेमळपणे म्हणाले, "बाई, तुम्हाला दुखतंय असं वाटतंय. त्या वाटण्याचा मी आदर करतो. पण आकडा काय सांगतो?"

वर्षाचा आकडा सांगत होता नऊ पूर्णांक आठ. दहाच्या आत. चाळिसांतल्या सगळ्यात बिकट रुग्ण बाई, त्याच आत आल्या म्हटल्यावर साहेबांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. समारंभ ठरला. पाहुणे ठरले. बाईंनी व्यासपीठावर बसायचं, सगळ्यांसमोर त्यांना पुन्हा मोजायचं, टाळ्या व्हायच्या, आणि त्या दिवसापासून इंजेक्शन कायमचं बंद. फायलीवर तसा शेराही पडला.

बाई घरी आल्या आणि नणंदेला म्हणाल्या, "माझा रोग बरा झाला म्हणे."

"मग तोंड असं का?"

"हाताला अजून कळवलेलं नाही त्यांनी."

समारंभाला आठ दिवस असताना मोजणीताई दुकानात आल्या. हातात निळं कापड, अस्तर आणि एक चिठ्ठी. साहेबांना समारंभासाठी कोट हवा होता, आणि तो आदर्श रुग्णाच्याच हातचा हवा होता. भाषणात तसं वाक्य लिहून झालं होतं.

बाईंनी चिठ्ठी वाचली. छाती, खांदा, बाही, पोटघेर एकशे चार.

"ताई, मला माणूस लागतो. चिठ्ठीला पोट नसतं."

"साहेबांना अजिबात वेळ नाही हो. मापं मी स्वतः घेतलीत, आमच्या विभागाच्या टेपने." ताईंनी मान जरा ताठ केली. "तुमच्या धमन्या मोजतो त्याच टेपने. मिलिमीटरचा फरक पडायचा नाही."

नणंद काजाच्या कापडातून डोकं वर काढत म्हणाली, "एकशे चार? मी पाहिलंय त्यांना. दारातून आधी पोट येतं, मग साहेब."

"उतरलंय त्यांचं," ताई म्हणाल्या. "वर्षात आठ सेंटिमीटर. साधनेनेच. आमच्या विभागात सगळ्यांचंच उतरलंय. मी स्वतः पाच सेंटिमीटर उतरलेय."

नणंदेने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कपडे मात्र जुनेच बसतायत."

"कपडे आटतात," ताई म्हणाल्या.

बाईंनी चिठ्ठी पुन्हा वाचली. दुसऱ्याने घेतलेल्या मापावर कापड बेतणं त्यांना आवडत नसे. वीस वर्षांत त्यांनी असं तीनदा केलं होतं आणि तिन्ही वेळा पस्तावल्या होत्या. पण साहेबांच्या लेखणीत त्यांचं इंजेक्शन होतं. कोट मनासारखा झाला तर कदाचित साहेब ऐकूनही घेतील, अशी एक भाबडी आशा मनात होती. त्यांनी कापडावर खडूने खुणा केल्या, शिवणीत नेहमीपेक्षा दुप्पट माया सोडली, आणि सुजल्या बोटांनी पाच दिवस तो कोट शिवला. काजं नणंदेने केली.

समारंभ दोन दिवसांवर आला तेव्हा दोघी कोट घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेल्या.

साहेबांनी आरशासमोर कोट चढवला. खांदे झकास बसले. बाह्या झकास. मग साहेबांनी बटणाकडे हात नेला. बटण एका तीरावर, काज दुसऱ्या तीरावर. साहेबांनी श्वास आत ओढला. तीर जरा जवळ आले, पण भेट झाली नाही. मोजणीताई मदतीला धावल्या. दोघांनी मिळून बटण काजात घातलं. साहेबांनी श्वास सोडला तसं ते बटण उडालं आणि पलंगाखाली गेलं.

"चालायचंच," साहेब म्हणाले. ते रागावले नाहीत. तेच जास्त लागलं. "तुमच्या हाताचा दोष नाही बाई. अशा बोटांनी कात्री सरकणारच. इतक्या वर्षांचा आजार आहे."

बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. हात दुखतो असं कुणी म्हटलं तर त्या ऐकून घेत. हात चुकला असं अजून कुणी म्हटलं नव्हतं.

"साहेब, माझी बोटं सुजलेली आहेत म्हणता?"

"दिसतंच आहे की."

"मग माझा रोग बरा झालेला नाही."

साहेबांनी कोट खाली ओढला. "आकड्यानुसार बरा झालाय."

"आणि कोटानुसार?"

नणंद पलंगाखाली वाकून बटण शोधत होती. तिथूनच तिचा खोकल्यासारखा आवाज आला. ती खोकत नव्हती.

बाईंनी गळ्यातला टेप काढला. तो त्यांच्या गळ्यात सकाळपासून रात्रीपर्यंत असे. दर सहा महिन्यांनी त्या नवा घेत, कारण विश्वास ठेवून टेप जुना होऊ द्यायचा नसतो, हे धंद्यातलं पहिलं शिक्षण. त्यांनी कोट पलंगावर पसरून मोजला. एकशे चार अधिक सैलपणाचे चार, शिवणीला शिवण. मग साहेबांना म्हणाल्या, "हात वर करा."

रुग्णांना रोज असं सांगणाऱ्या माणसाने मुकाट्याने हात वर केले.

"पोटघेर एकशे बारा."

"शक्य नाही," साहेब म्हणाले. "माझा एकशे चार आहे. गेल्या वर्षी एकशे बारा होता. आलेख आहे माझ्याकडे."

"आलेखावर कोट घालणार असाल तर तसा शिवून देते."

"तुमचा टेप आखडला असेल."

"असेल. तुमचा दाखवा."

ताईंनी हात खिडकीकडे केला. खिडकीजवळ एक खिळा होता. खिळ्याला विभागाचा टेप लटकत होता, पिवळा, चकचकीत, स्वच्छ. त्याच्या खालच्या टोकाला लोखंडी चिमटा अडकवला होता, पाऊण किलोचा तरी असेल.

"हा चिमटा कशाला ताई?"

"टेप गुंडाळला जातो ना वाळताना. म्हणून वजन लावते. रोज संध्याकाळी कढत पाण्यातून काढते, साबणाने धुते आणि असा टांगते. सकाळी सरळसोट मिळतो." ताईंच्या आवाजात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. वर्षभर एक दिवसही त्यांनी यात कसूर केली नव्हती.

बाईंनी डोळे मिटले. साधनेसाठी नव्हे.

"ताई, प्लॅस्टिकचा टेप रोज कढत पाण्यात घालून वजन टांगलंत तर तो काय करील? ताणला जाईल. त्याच्यावरचे आकडे एकमेकांपासून लांब गेलेत. त्याचं एकशे चार म्हणजे जगाचं एकशे बारा."

त्यांनी दोन्ही टेप पलंगावर शेजारी शेजारी ठेवले. टोकाला टोक लावलं. बाईंच्या टेपवर एकशे बारा आलं तिथे विभागाचा टेप एकशे चार म्हणत होता. ताई खाली वाकून पाहत राहिल्या. मग त्यांचा हात नकळत स्वतःच्या कमरेवर गेला आणि तिथेच राहिला.

"दोन टेप, दोन मतं," साहेब म्हणाले. "तुमचाच खरा कशावरून?"

दाराजवळ भिंतीला उंची मोजायची पोलादी पट्टी ठोकलेली होती. बाई दोन्ही टेप घेऊन तिच्यापाशी गेल्या. बाईंचा टेप पट्टीशी रेघेला रेघ जुळला. विभागाचा टेप पट्टीच्या एकशे चाळीसवर पोचला तेव्हा त्याच्या मते एकशे तीसच झाले होते.

पोलादाशी साहेबांना वाद घालता आला नाही. ते खुर्चीत बसले. कोट त्यांनी पुन्हा अंगात चढवला होता, उघडाच.

"माझी फाईल काढा," बाई म्हणाल्या.

ताईंनी काढली. वेगाचे आकडे लाल शाईत, ठळक, खाली दोन रेघा मारलेले. अंतराचा रकाना शेजारी, बारीक अक्षरांत. वर्षभर त्या रकान्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी गळ्यापासून जांघेपर्यंत छप्पन्न. सहा महिन्यांनी चौपन्न, मग त्रेपन्न. यंदा बावन्न.

"मी वर्षात चार सेंटिमीटर आखूड झाले, साहेब. गळ्यापासून जांघेपर्यंत. पाय तेवढेच, मान तेवढीच, मधलं धड आटलं. ब्लाऊज आटतो तसं. तुम्हाला हे विचित्र वाटलं नाही?"

नणंद बटण घेऊन उभी राहिली. "चाळीसही जण आखूड झाले असतील. आणखी पाच वर्षं गुणगुणले असते तर खिशात मावले असते."

"वन्सं, पुरे."

"पुरे कसं? तुझं इंजेक्शन बंद करत होते."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत गेलं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं.

साहेब सावकाश म्हणाले, "परवा समारंभ आहे. निमंत्रणं गेलीत. पाहुणे निघालेसुद्धा. हे सगळं जरा समारंभानंतर पाहिलं तर?"

साहेब तसे वाईट माणूस नव्हते. पुष्कळ चांगल्या माणसांना 'समारंभानंतर' चांगलं व्हायचं असतं.

बाईंनी कोटाची बाजूची शिवण उलटवून दाखवली. "ही पाहा, आत माया सोडलीय. हव्या त्या मापाला सैल करून देते, परवा सकाळी तयार. फक्त एक सांगा. कुठल्या टेपने करू?"

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, मग पिवळ्या टेपकडे. पिवळ्या टेपने त्यांचं वर्ष उभं केलं होतं. त्याच टेपने कोट केला तर परवा पाहुण्यांसमोर पोट कोटाबाहेर राहणार होतं. आणि बाईंचा टेप म्हणावं, तर त्याच टेपने बाकी सगळंही मोजावं लागणार होतं. हे त्यांना कळलं. हुशार तर ते होतेच.

आरशात त्यांनी एकदा स्वतःला पाहिलं. एकदा श्वास आत ओढून पाहिला.

"तुमच्या," ते म्हणाले.

"मग माझंही त्याच टेपने मोजा. आत्ता."

बाई पलंगावर आडव्या झाल्या. ताईंनी गळ्यावर कांडी धरली, मग जांघेत. यंत्राने वेळ दिली, यंदाच्या आधीच्या मोजणीत आली होती तीच. ताईंनी बाईंच्या टेपने अंतर मोजलं. छप्पन्न.

आकडा आला दहा पूर्णांक सहा. वर्षापूर्वीपेक्षाही वर.

आजार वाढल्याचा कागद हातात घेऊन समाधानाने उठणारा रुग्ण त्या खोलीने पहिल्यांदाच पाहिला असेल. बाईंनी कागद साहेबांसमोर ठेवला आणि पेन शेजारी ठेवलं. साहेबांनी फायलीवरचा 'इंजेक्शन बंद' हा शेरा खोडला. खाली लिहिलं, दर पंधरा दिवसांनी. सही करताना त्यांनी मान वर केली नाही.

"आणि बाकीच्या एकोणचाळीस जणांचं?" बाईंनी विचारलं.

"बोलावतो. समारंभानं..." साहेबांनी नणंदेकडे पाहिलं. नणंद बटणाशी खेळत होती. "उद्या. उद्याच बोलावतो."

"मी टेप ठेवून जाते. धुवायचा असेल तर गार पाण्यात, ताई. आणि टांगू नका. आडवा निजू दे त्याला."

पहिलं इंजेक्शन त्यांना त्याच दुपारी मिळालं. समारंभही ठरल्या वेळी झाला. फलकावर आता साधनेच्या नावाऐवजी 'अचूक मोजमापाचं महत्त्व' असं लिहिलेलं होतं. साहेब निळ्या कोटात उभे राहिले, बटण लावून, ऐटीत, आणि त्यांनी पाऊण तास सांगितलं की आमच्या विभागाने स्वतःच्याच मापनातली एक सूक्ष्म त्रुटी कशी जागरूकपणे हुडकून काढली. 'सूक्ष्म' म्हणताना त्यांनी बोटांनी केवढी ते दाखवलं. आठ सेंटिमीटर नक्कीच नव्हती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मोजणीताईंना पुष्पगुच्छ मिळाला. आदर्श रुग्णाच्या हातचा कोट हे वाक्य भाषणातून गळालं होतं.

बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. नणंद कानाशी लागली. "बघ, तुझं नावही घेतलं नाही मेल्यांनी."

"नसू दे. कोट चांगला बसलाय."

"तुला राग येत नाही?"

"येतो ना. पण दोन बोटं जास्तीची ठेवलीत मी पोटाला. पाऊण तास बोलणाऱ्याला श्वास लागतो."

दोन महिने गेले. एका सकाळी बाईंनी दुकान उघडलं, कुलूप उजव्या हाताने, एकट्याने. घड्याळात साडेआठ झाले होते. आत नणंद आरशासमोर उभी होती. कमरेभोवती पिवळा टेप गुंडाळलेला. विभागाने टाकून दिला तो तिने समारंभाच्या दिवशीच मोजणीताईंकडून मागून आणला होता.

"वहिनी, सत्त्याहत्तर. लग्नात होते तेवढी."

"वन्सं, तो टेप कातरून टाका."

"तुझी धमनी तुझ्या टेपने मोज," नणंद म्हणाली, "माझी कंबर माझ्या."

बाईंनी मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. मग कात्री उचलली आणि नणंदेच्या दिशेने चालू लागल्या.